वाचक विचारतात : भंगारातून घडणारी कला

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात नवी मुंबईत उभ्या राहिलेल्या, जुन्या लोखंडातून घडवलेल्या रोहित पक्ष्यांचा उल्लेख आला होता. त्यावर आलेली पत्रे पाहता या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रे लांबलचक होती. येथे प्रश्नापुरता भाग घेतला आहे, आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पस्तीस वर्षे शाळेत कार्यानुभव शिकवला. आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, करवंटीची कासवे, बाटल्यांच्या फुलदाण्या अशा कितीतरी वस्तू ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली मुलींकडून करून घेतल्या. अलीकडे मुंबईतील एका प्रदर्शनात गंजलेले पत्रे जसेच्या तसे भिंतीला टांगलेले पाहिले. त्यांना कला म्हणायचे असेल, तर माझ्या मुलींच्या फुलदाण्यांना काय म्हणावे?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नाचा रोख मला कळतो आणि बराचसा मान्यही आहे. पत्रा गंजला आणि भिंतीला लागला एवढ्याने त्याची कलाकृती होत नाही. शेजारी चिकटवलेले दोन पानी निवेदन वाचल्याखेरीज ज्यातले काहीच उमगत नाही, असा पत्रा पुन्हा भंगारवाल्याच्या काट्यावर चढला तर मला हळहळ वाटणार नाही.

तरीही फुलदाणी आणि असे काम यांच्यात एक फरक आहे, आणि तो कमी-अधिक प्रतिष्ठेचा नसून हेतूचा आहे. बाटलीची फुलदाणी करताना आपण तिच्यावर सुतळी गुंडाळत होतो, टिकल्या आणि आरसे चिकटवत होतो, वरून रंग देत होतो. आणि घरी आलेल्या पाहुण्याने ‘ही सरबताची बाटली आहे हे सांगूनसुद्धा खरे वाटत नाही’ असे म्हटले की श्रम सार्थकी लागत होते. म्हणजे वस्तूचा पूर्वजन्म पुसून टाकणे हेच तेथे यश होते. टाकाऊ वस्तू गांभीर्याने हाताळणारा कलावंत नेमके उलटे करू पाहतो. वस्तू नव्या रूपात उभी राहावी, पण ती आधी काय होती, कोणाच्या हातात होती आणि कशामुळे फेकली गेली, हेही पाहणाऱ्याला दिसत राहावे, असा त्याचा प्रयत्न असतो.

१९४२ साली पिकासोने सायकलच्या जुन्या सीटवर त्याच भंगारातले हँडल बसवून बैलाचे मस्तक केले. त्यात कोरीव काम नाही, रंगकाम नाही. सीटचा निमुळता भाग म्हणजे तोंड आणि वळलेले हँडल म्हणजे शिंगे. बैल क्षणात दिसतो, पण सायकल दिसायची थांबत नाही. नजर दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत राहते आणि सगळी गंमत त्या येरझाऱ्यांत आहे. पुढे हे मस्तक कांस्यात ओतले गेले. तेथे चामडे आणि लोखंड हे दोन्ही एकाच धातूचे झाले आणि माझ्या मते गंमत निम्मी उणावली.

त्याच्याही आधी, पहिले महायुद्ध संपल्यावर, जर्मनीतील हानोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार रस्त्यावर पडलेली ट्रामची तिकिटे, पाकिटे, वेष्टने, लाकडाचे तुकडे वेचून त्यांतून चित्रे जुळवू लागला. एका चित्रात त्याने जाहिरातीचा फाटका कागद चिकटवला होता. त्यावरील ‘कोमेर्त्स’, म्हणजे व्यापार, या शब्दाचा ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा शिल्लक राहिला होता, आणि १९१९ पासून त्याने आपल्या साऱ्या कामाला तेच नाव दिले. व्यापाराचे नाव फाटून उरलेला तुकडा, आणि तोच कलेचे नाव. हरलेल्या, महागाईने पोळलेल्या देशात हे चालले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तिकिटांकडे निव्वळ गंमत म्हणून पाहता येत नाही.

ही उदाहरणे दूरची वाटत असतील तर आपल्या घरातली गोधडी आठवावी. जुनी लुगडी एकावर एक अंथरून, धावदोरा घालून शिवलेली गोधडी पांघरताना ‘ही कडेची हिरवी पट्टी आजीच्या लुगड्याची’ असे कोणीतरी सांगतेच. गोधडी करणाऱ्या बाईने ते लुगडे लपवलेले नसते. उलट जेथे दिसेल तेथे लावलेले असते. तेव्हा हा विचार आपल्याकडे कोणी बाहेरून आणून देण्याची गरज नव्हती. मग ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या तासाला आपण बाटलीला सुतळी का गुंडाळत बसलो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो, कारण त्या तासाला मीही होतो.

माझ्यापुरती मी एक साधी कसोटी ठेवली आहे. हेच काम दुकानातून नवे सामान आणून केले असते तर काही बिघडले असते का? काही बिघडत नसेल, तर भंगार तेथे निव्वळ भराव म्हणून आले आहे. रोहित पक्ष्याच्या ओळखीच्या आकृतीत नट, साखळ्या आणि स्पॅनर ठासून भरले आणि अंगभर एकच गुलाबी रंग चढवला, तर पक्षी सुंदर दिसेल, मुले त्याच्यापाशी उभी राहून छायाचित्रे काढतील, आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त साखळी कोणत्या यंत्राची होती हे आता कोणी विचारणार नाही. आपल्या मुलींपैकी एखादीने करवंटीचे कासव न रंगवता, करवंटीचे तीन डोळे तसेच राखून केले असेल, तर ते मला पाहायला आवडेल.

प्रश्न : मी रबाळे येथे एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. वेल्डिंग येते. सुटीच्या दिवशी भंगारातून प्राणी, मुखवटे वगैरे जोडतो. सामान कोठून आणि कसे घ्यावे, आणि काय घेऊ नये?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण तर उगमापाशीच बसला आहात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतून निघणाऱ्या उरलेल्या तुकड्यांसारखे सामान शहरातल्या दुकानात मिळत नाही. वॉशर कापून घेतल्यावर मागे राहणारी भोकाभोकांची पट्टी आपण रोज पाहत असाल. मी अशी एक पट्टी कितीतरी दिवस टेबलावर ठेवून पाहत होतो. भोके सारखी वाटतात, पण पंच, म्हणजे भोक पाडणारे हत्यार, बोथट होत गेला की कडेला बारीक चुरा उठतो, आणि पट्टी उजेडात तिरकी धरली की पहिल्या आणि शेवटच्या भोकातला फरक बोटाला कळतो. एका पाळीचा सगळा दिवस त्या पट्टीत उमटलेला असतो. प्राणी आणि मुखवटे जरूर करावेत, परंतु ज्याला ही पट्टी वाचता येते त्याने कधीतरी तिच्याविषयीही काही करावे, असे सुचवतो. मात्र कारखान्यातील उरलेला मालही मालकाचाच असतो आणि बहुधा ठरलेल्या ठेकेदाराकडे जातो. तेव्हा दोन तुकडे असले तरी ते विचारून आणि गेट पासवर घ्यावेत.

बाहेर तुर्भे, शिळफाटा आणि ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला भंगाराची दुकाने आणि गोदामे आहेत. तेथे लोखंड, बीड (ओतीव लोखंड), पत्रा, जर्मन (अॅल्युमिनियम), पितळ, तांबे असे वेगवेगळे ढीग असतात आणि प्रत्येकाचा भाव निराळा. बीड घेताना लक्षात ठेवावे की ते ठिसूळ असते आणि साध्या रॉडने नीट जुळत नाही. जोड थंड होताना शेजारी तडा जातो. ते बोल्टने धरणे बरे. दुकानदाराशी भाव तोडण्यात वेळ घालवू नये. त्याचा ढीग उपसून आपण आपल्याला हवे ते निवडून घेतो, म्हणजे त्याच्या माणसांचे काम वाढवतो. तेव्हा तोलाच्या भावापेक्षा काही अधिक द्यावे. पुढच्या खेपेला तो स्वतःच बाजूला काढून ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

काय घेऊ नये हे अधिक महत्त्वाचे. जस्ताचा थर असलेले जीआय पाइप आणि पत्रे वेल्ड करताना पांढरा धूर येतो. त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हे आपल्या वर्कशॉपातले जुने वेल्डर सांगतील. जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे. वायरी जाळून तांबे काढणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत शिसे असते, ट्यूबलाइटमध्ये पारा. या वस्तू फोडायच्या नाहीत. संगणकाचा कीबोर्ड किंवा रिकामा डबा वापरायला हरकत नाही, परंतु सर्किटच्या पाट्या आणि बॅटऱ्या यांची जागा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांचाही रोख तोच आहे. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या किंवा रस्त्यावरील मॅनहोलची झाकणे ढिगात दिसली तर कितीही मोह झाला तरी हात लावू नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि मॅनहोलचे झाकण भंगारात आले याचा अर्थ कोठेतरी एक उघडे भोक माणसाची वाट पाहत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात जुन्या सायकली, कुकर, पंखे यांतून एक मोठे शिल्प उभारण्याचा ठराव झाला आहे. काम करणारा तरुण कलावंत उत्साही आहे. परंतु इमारत खाडीपासून जवळ आहे आणि सभेत काही सदस्यांनी ‘दोन पावसाळ्यांत याचे भंगारच होणार’ असा आक्षेप घेतला. आम्ही कोणती काळजी घ्यावी?
— सोसायटीचे सचिव, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आक्षेप घेणाऱ्या सदस्यांना माझा नमस्कार सांगावा, कारण ते म्हणतात तसे माझ्याच हातून एकदा झाले आहे.

काही वर्षांपूर्वी घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलाच्या फाटकाशी मी एक मोठा मासा उभा केला होता. सांगाडा लोखंडी सळ्यांचा आणि खवले जर्मनच्या जुन्या ताटल्यांचे. रहिवाशांनी घराघरांतून ताटल्या आणून दिल्या होत्या, काहींच्या मागे नावे कोरलेली होती, आणि ती नावे दिसावीत म्हणून मी ताटल्या मुद्दाम पालथ्या बसवल्या होत्या. लोखंडाच्या पट्ट्यांवर त्या थेट रिव्हेटने ठोकल्या. पहिला पावसाळा पार पडला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक रिव्हेटभोवती पांढरी भुकटी जमू लागली, भोके मोठी होत गेली, आणि एका वादळी रात्री दोन ताटल्या निसटून पहारेकऱ्याच्या खुर्चीपाशी पडल्या. खुर्ची रिकामी होती म्हणून निभावले. चूक संपूर्णपणे माझी होती. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजत जातो. जर्मन आणि लोखंड यांच्या जोडीत झिजण्याची पाळी जर्मनवर येते. दोहोंमध्ये नायलॉनचा वॉशर आणि रबराची पट्टी घातली असती तर नावे अजून वाचता आली असती.

आपल्याकडे कुकर आणि सायकल एकत्र येणार आहेत, म्हणजे हेच दोन धातू. कलावंताला हे दाखवून द्यावे. पंख्यात तांब्याची गुंडाळी असते. ती काढून टाकावी, कारण जर्मनला तांब्याची सोबत लोखंडापेक्षाही वाईट.

त्यानंतर रंग. सायकलच्या साखळीत आणि फ्रीव्हीलमध्ये जुने वंगण मुरलेले असते आणि त्यावर रंग धरत नाही. साखळी रॉकेलमध्ये भिजवून, नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, वाळवूनच घ्यावी. गंज तारेच्या ब्रशने काढावा, लगेच रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग द्यावा, आणि वस्तूचा मूळ रंग दिसावा असे वाटत असेल तर रेड ऑक्साइडऐवजी पारदर्शक लॅकर. लॅकर उन्हाने सुटतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागेल, याची तरतूद आजच ठरावात करून ठेवावी. एकावर एक टेकलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी साठते आणि गंज तेथूनच सुरू होतो. म्हणून जोड ठिपक्यांचे न ठेवता सलग भरून घ्यावेत, आणि जेथे जेथे वाटीसारखा खळगा आहे तेथे तळाला भोक पाडावे. या भोकांचे आणखी एक कारण आहे. पालथ्या न घातलेल्या कुकरात आठवडाभर पाणी साचले तर डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतील, आणि शिल्पाच्या उद्घाटनाला आलेल्या महापालिकेकडून पुढच्या महिन्यात नोटीस येईल.

मुलांच्या उंचीपर्यंत एकही उघडी धार असता कामा नये. शिल्प नुसते जमिनीवर न ठेवता काँक्रीटच्या पायात अँकर बोल्ट घालून बसवावे, आणि सात-आठ फुटांहून उंच जाणार असेल तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घ्यावी. कलावंताला हा अविश्वास वाटू नये म्हणून त्याला लॉस एंजेलिसच्या वॉट्स मनोऱ्यांची हकीकत सांगावी. सायमन रोडिया या गवंडीकाम करणाऱ्या इटालियन स्थलांतरिताने १९२१ ते १९५४ अशी तेहेतीस वर्षे, एकट्याने, मचाण न बांधता, लोखंडी सळ्यांना सिमेंटचा गिलावा देऊन आणि त्यात फुटक्या बश्या, बाटल्यांच्या काचा, शिंपले रोवून हे मनोरे बांधले. सर्वांत उंच मनोरा सुमारे तीस मीटरचा आहे. शहराच्या अधिकाऱ्यांनी ते धोकादायक ठरवून पाडायचे ठरवले, तेव्हा १९५९ मध्ये दहा हजार पौंडांचा ताण देऊन चाचणी घेण्यात आली. मनोरा हलला नाही. ताण देणाऱ्या यंत्राचाच भाग वाकला. मनोऱ्यांचा बचाव करू पाहणाऱ्यांना ही चाचणी हवीच होती.

प्रश्न : चंदीगडच्या रॉक गार्डनप्रमाणे नवी मुंबईत खाडीलगतच्या पडीक जागेवर बांधकामाच्या राडारोड्यातून बाग करावी, असा आम्हा काही निवृत्त मित्रांचा विचार आहे. पुनर्विकासामुळे राडारोडा हवा तितका फुकट मिळतो. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, वाशी

उत्तर : सुरुवात खाडीलगत करू नका, हे पहिले उत्तर. खाडीकडेची ‘पडीक’ जागा बहुतेक वेळा पडीक नसते. तेथे कांदळवन असते किंवा असायला हवे असते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीला आणि त्याच्या भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यातील बांधकामाला मनाई केली. आपल्या भागातील कितीतरी तिवरे राडारोड्याच्या गाड्या रात्री रिकाम्या होऊनच मेली आहेत. हेतू कितीही चांगला असला तरी पहिली गाडी तेथे ओतली की दुसरी गाडी आपली नसेल.

रॉक गार्डन घडवणाऱ्या नेकचंद यांची गोष्ट मात्र पुन्हा सांगण्यासारखी आहे. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. चंदीगड वसवताना जी खेडी उठवली गेली त्यांतील फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे, विटा, सिंक ते सायकलवरून आणून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात रचत गेले, १९५७ च्या सुमारापासून, कोणालाही न सांगता. सरकारच्या लक्षात आले तेव्हा कित्येक वर्षे लोटली होती आणि तेथे शेकडो मूर्ती उभ्या होत्या. कायद्याने ते सारे पाडायलाच हवे होते. तसे न करता १९७६ मध्ये बाग लोकांना खुली करण्यात आली, नेकचंद यांना तेच काम पगारावर दिले गेले आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्री. २०१५ मध्ये ते वारले.

या गोष्टीतून ‘आधी करा, परवानगी नंतर मिळेल’ असा अर्थ काढणारे मला अनेक भेटतात. मला त्यात दुसरे काही दिसते. काटकोनात आखलेल्या नव्याकोऱ्या शहराच्या पोटात, ज्या गावांच्या जागी ते शहर उभे राहिले त्या गावांच्याच बश्या आणि बांगड्या नेकचंद यांनी माणसांच्या अंगावर चढवून उभ्या केल्या. नवी मुंबईसुद्धा आखून वसवलेले शहर आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हा येथे गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती. आपण राडारोडा जरूर वापरा, पण तो कोणत्या घराचा आहे हे विचारून घ्या. सिडकोने बांधलेल्या चाळीसेक वर्षांपूर्वीच्या इमारती आता पाडल्या जात आहेत. त्यांतील मोझॅकच्या लाद्या, जाळीच्या सिमेंटच्या खिडक्या, दारावरच्या पाट्या यांचे एका सेक्टरपुरते काही करता आले, तर सोसायटीच्या किंवा महापालिकेच्या एखाद्या उद्यानातला कोपरा परवानगीने मागावा. चार मित्रांना तेवढी जागा पुरे आहे.

प्रश्न : कचरावेचकांनी वेचलेल्या वस्तूंतून कलावंत काम करतो आणि ते लाखांना विकले जाते. त्यात वेचणाऱ्याला काय मिळते? हे शोषणच नव्हे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर : पुष्कळदा आहे. सर्वच वेळी नाही, आणि फरक कोठे पडतो तो पाहण्यासारखा आहे.

कलावंत विवान सुंदरम यांनी २००८ मध्ये दिल्लीत ‘ट्रॅश’ हे प्रदर्शन केले. कचरावेचकांसोबत काम करणाऱ्या ‘चिंतन’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी कचरा स्टुडिओत आणला, तेथे त्याचे एक अफाट शहर जमिनीवर मांडले आणि उंचावरून त्याची छायाचित्रे घेतली. वरून ते नगररचनेच्या आराखड्यासारखे दिसते. जवळ गेले की डबे, बाटल्या, चपला. ब्राझीलचे कलावंत विक मुनीझ यांनी त्याच सुमारास रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या प्रचंड कचराभूमीवरील वेचकांना मोबदला देऊन सोबत घेतले, त्यांचीच व्यक्तिचित्रे त्यांच्याच हातांनी कचऱ्यातून जमिनीवर रचली, आणि एका चित्राच्या लंडनमधील लिलावाचे पैसे वेचकांच्या संघटनेकडे गेले. या कामावर टीकाही झाली: काही काळ स्टुडिओत वावरलेल्या माणसाने पुन्हा ढिगावर कसे जायचे? २०१२ मध्ये ती कचराभूमी बंद झाली आणि ढिगावरचे कामच संपले. त्यानंतर तो प्रश्न आणखीच अवघड झाला.

न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकलिस यांनी तर वस्तूच केली नाही. १९७७ पासून त्या तेथील सफाई खात्यात बिनपगारी कलावंत म्हणून बसल्या, आणि १९७९-८० मध्ये जवळजवळ वर्षभर हिंडून त्यांनी खात्यातील साडेआठ हजार सफाई कामगारांपैकी प्रत्येकाशी हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. कचऱ्यातून केलेल्या कितीतरी नामवंत शिल्पांपेक्षा मला हे काम मोठे वाटते. हे माझे वैयक्तिक मत आहे.

आपल्या शहरात स्त्री मुक्ती संघटनेशी जोडलेल्या ‘परिसर भगिनी’ अनेक वर्षांपासून कचरा वेगळा करण्याचे काम करतात. एखाद्या कलावंताला निळ्या रंगाचीच झाकणे हवी असतील, तर ती निवडण्यात एका बाईचा दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी झाकणांच्या किमतीहून वेगळी द्यावी, तिची इच्छा असल्यास कामाखाली तिचे नाव घालावे, आणि तिला न विचारता तिचे छायाचित्र लावू नये. आपण कला शाखेच्या विद्यार्थिनी आहात असे पत्रावरून वाटते. प्रदर्शन पाहायला गेल्यावर ‘हे निवडले कोणी?’ एवढे विचारून पाहावे. पुष्कळ ठिकाणी उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही.

प्रश्न : अशा कलेने कचरा कमी होतो का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींना मिळून सुमारे दीडशे टन भंगार लागले, आणि त्या शहरात रोज निघणारा कचरा दहा हजार टनांच्या घरात आहे. शिवाय धातूचे भंगार तसेही वाया जात नाही. ते भट्टीत जाऊन पुन्हा लोखंड होते. खरा न सुटणारा भाग म्हणजे वेफरची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल, आणि त्यांतून कोणी चौकात शिल्प करत नाही, कारण ते उन्हात तुकडे तुकडे होऊन गटारात जाते. जाहिरातीत ‘इतके टन कचरा वाचवला’ असे वाचले की मी पान उलटतो.

नायजेरियात दीर्घकाळ काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई यांनी दारूच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची बुचे चपटी करून, तांब्याच्या तारेने शिवून, भिंतभर झुलणारी वस्त्रे केली. त्यासाठी २०१५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. बुचे किती वाचली याचा हिशोब त्यांनी मांडला नाही. दारू ही युरोपातून आफ्रिकेत आली ती माणसांच्या खरेदी-विक्रीच्या व्यापारातून, हे त्या बुचांवर लिहिलेले आहे, असे ते सांगतात.

प्रश्न : मी सातवीत आहे. मी शाळेत पडलेली पेनांची टोपणे जमवते. आता तीनशे बारा झाली आहेत. मला त्यांचे काहीतरी मोठे करायचे आहे, पण आई म्हणते घाण घरात आणू नकोस. बाबा म्हणतात सोनेरी स्प्रे मारला तर छान दिसतील. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे

उत्तर : आईचे ऐक आणि टोपणे गरम पाण्यात साबण घालून रात्रभर भिजव, सकाळी जुन्या टूथब्रशने घास आणि उन्हात वाळव. रस्त्यावरची किंवा दवाखान्याजवळची कोणतीही वस्तू उचलायची नाही. शाळेतलीच टोपणे पुरेत. बाबांना सांग की स्प्रे थोडे दिवस थांबू दे. टोपणे आधी जमिनीवर पसर आणि त्यांचे गट कर. रंगाप्रमाणे नको, ते सगळेच करतात. दातांनी चावलेली एकीकडे, न चावलेली दुसरीकडे. मग चावलेल्यांतही बघ, कोणी टोक चावले आहे, कोणी क्लिप मोडली आहे, कोणी बाजूने दाबून चपटे केले आहे. परीक्षेच्या आठवड्यात सापडलेली आणि इतर दिवसांतली वेगळी ठेवता आली असती तर बरे झाले असते. पुढच्या परीक्षेपासून तशी ठेव, आणि डब्यावर तारीख लिही.